गुरुवारी भोसरी बंद असते

मी सांगली जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा, म्हणजे लेथवरच्या कामाचा, शिल्पनिदेशक आहे. आमच्याकडून पास झालेली पोरं बहुतेक पुण्याची वाट धरतात. भोसरी, चिंचवड, चाकण, रांजणगाव. दिवाळीला गावी आली की वर्कशॉपमध्ये डोकावतात, पाया पडतात आणि बोलता बोलता सांगून जातात, "सर, आपण इथं हातानं शिकलो ते तिकडं सगळं मशीनच करतं." त्यात तक्रार नसते. पण दोन वर्षं आम्ही त्यांच्याकडून कानस चालवून घेतो, लेथवर आटे पाडून घेतो, व्हर्नियर वाचायला लावतो. त्यातलं तिकडं काय उपयोगी पडतं आणि काय नाही, हे शिकवणाऱ्यानं डोळ्यांनी बघायला हवं. म्हणून रजा टाकली आणि निघालो.

मंगळवार

कोयना एक्स्प्रेस. सांगली सोडली की थोड्या वेळात किर्लोस्करवाडी येतं, आणि हे स्टेशन आलं की मी खिडकीशी जातोच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि त्या माळावर कारखाना उभा राहिला. नांगर तयार होता, पण घ्यायला कुणी तयार नव्हतं. लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही गोष्ट सांगताना आपण शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होतो. मला ते कधीच पटलेलं नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून द्यायचा, मोडला तर तोच नीट करून द्यायचा. लोखंडी नांगराचा फाळ तुटला तर जायचं कुणाकडं? शेतकऱ्याची शंका जमिनीबद्दल चुकीची असेल, पण त्याची धास्ती रास्त होती. नवं यंत्र आलं की त्याची किंमत सगळे विचारतात. त्याच्या मागून येणारा खर्च, म्हणजे शिकण्याचा, दुरुस्तीचा, मधल्या काळात हात रिकामे राहण्याचा, तो कुणाच्या अंगावर पडणार हे कुणी आधी सांगत नाही. पुण्यात ज्याला भेटेन त्याला हेच विचारायचं, असं मी गाडीतच ठरवलं.

दुपार कलल्यावर पुण्यात उतरलो. नारायण पेठेत आतेभावाकडं मुक्काम.

बुधवार

सकाळी चालत कसब्यात गेलो. तांबट आळीत दुसऱ्याशी बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागतं. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. एका दुकानाच्या ओट्यावर साठीतले एक कारागीर घंगाळ मठारत, म्हणजे हातोडीनं ओळीनं ठोके देत, बसले होते. मी टर्नर आहे, बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी सरकून जागा करून दिली.

पूर्वी तांब्याच्या सपाट पत्र्यापासून भांड्याचा घाट हातानंच काढत. ठोकायचं, भट्टीत तापवून पत्रा मऊ करायचा, पुन्हा ठोकायचं. आता घाट स्पिनिंगच्या लेथवर निघतो. साचा फिरता ठेवायचा, त्यावर पत्र्याची गोल चकती दाबत न्यायची, की थोड्या वेळात घंगाळाचा आकार हाती येतो. हे काम माझ्या ट्रेडच्या जवळचं, म्हणून मी फार खोलात विचारत बसलो. दादांनी सगळं सांगितलं आणि मग हातातली हातोडी दाखवून म्हणाले, "आकार मशीनकडं गेला. ठोका आमच्याकडं राहिला."

त्या ठोक्याकडं मी बराच वेळ बघत होतो. डावा हात भांडं बोटभर फिरवतो, उजवा हात त्याच उंचीवरून तितक्याच जोरानं खाली येतो. प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्याची कड किंचित झाकतो, ओळ वर चढत जाते आणि तोल कुठंही सुटत नाही. गिऱ्हाइकाला ही चमकती नक्षी वाटते. खरं कारण वेगळं आहे. तापवलेलं तांबं मऊ पडतं, हातानं दाबलं तरी दबतं. ओळीनं ठोकत गेलं की ते टणक होतं. आम्ही वर्गात याला वर्क हार्डनिंग म्हणतो आणि फळ्यावर आलेख काढतो. पुढच्या वर्षी मुलांना आधी हे घंगाळ दाखवीन आणि आलेख नंतर.

आकार मशीनकडं गेल्याचं दादांना वाईट वाटत नाही. खांदे मोडणारं काम होतं ते, म्हणाले. धंदा बसला तो दुसऱ्याच कारणानं. घराघरांत गिझर आले आणि बंब गेला. बंब हा आळीचा मोठा आधार होता. आता मागणी आहे ती हॉटेलांची, शोभेच्या वस्तूंची, तांब्याच्या बाटल्यांची. ऑर्डर मोबाइलवर फोटो पाठवून येतात. पण सपाट पत्र्यापासून पूर्ण भांडं घडवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. जुन्या देवळातलं एखादं वेगळ्याच घाटाचं भांडं कुणी आणलं, तर स्पिनिंगवाल्याकडं त्याचा साचा नसतो, तेव्हा त्याच हातांची आठवण होते. एका नगासाठी साचा करणं परवडत नाही.

"नवं शिकायला मधे सवड कुणी दिली?" मी विचारलं. "सवड कसली? रात्री शिकायचं, दिवसा पोट भरायचं."

संध्याकाळी अप्पा बळवंत चौक. पुस्तकांच्या दुकानांतली गर्दी तशीच आहे. मला भेटायचं होतं ते मागच्या गल्लीतल्या एका काकांना. आतेभावाच्या ओळखीचे, वय सत्तरीपुढं, अजूनही दिवसातले काही तास अक्षरजुळणीचं काम करतात. उमेदीत ते छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे.

पुणं हे छापखान्यांचं गाव. चित्रशाळा १८७८ ची, 'केसरी' १८८१ चा. शंभरएक वर्षं इथला मजकूर शिशाच्या खिळ्यांनी उभा राहिला. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे ते खिळे. रोमन लिपीला लागतात त्यापेक्षा देवनागरीला कितीतरी जास्त, कारण जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार सगळं वेगळं. काकांनी हात हवेत फिरवून दाखवला: 'क' कुठल्या घरात, 'त्र' कुठल्या, अर्धा 'श' कुठं. खिळ्यांची पेटी समोर नव्हती, तरी हात बरोबर तिथंच जात होता. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ते उलटंच वाचत ते भराभर जुळवायचे आणि जुळवता जुळवता लेखकाचं शुद्धलेखनही सुधारायचे.

मग ऑफसेट छपाई आली आणि नव्वदीच्या सुमारास डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी. पुण्यातच १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं होतं. अमेरिकेनं हवा तसा महासंगणक द्यायला नकार दिल्यावर अनेक प्रोसेसर एकत्र जोडून १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' तयार झाला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच संस्थेत जिस्टचं, म्हणजे भारतीय लिपी संगणकावर आणण्याचं काम पुढं गेलं, हे फारसं सांगितलं जात नाही. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी हे सॉफ्टवेअरही आलं. महासंगणकाचा सामान्य माणसाशी थेट संबंध आला नाही. लिपीच्या कामानं मात्र अप्पा बळवंत चौकातली एक अख्खी पिढी हलवली.

काकांच्या छापखान्यात संगणक आला तेव्हा मालकानं त्यांना आणि आणखी एकाला बोलावून घेतलं. म्हणाले, तीन महिने पगार चालू राहील, काम करायचं नाही, फक्त हे शिकायचं. पहिला महिना काकांना रोज रडू यायचं. कळफलकावर बोटं वळायची नाहीत. दुसऱ्या महिन्यात वळायला लागली. पुढं तर असं झालं की नव्यानं आलेल्या मुलांना टायपिंग येई, पण ओळ कुठं तोडायची, शब्दांतलं अंतर कधी खुपतं, परिच्छेदाची शेवटची ओळ एकटी पुढच्या पानावर गेली तर काय करायचं, हे काकांनाच विचारायला लागे. खिळे वजनावर मोडीत गेले, पण पानाची समज काकांपाशीच राहिली.

शेजारच्या छापखान्यातल्या जुळाऱ्यांना हिशेब करून घरी पाठवलं. त्यांच्यातले एकजण पुढं रखवालदार झाले. "माझ्यापेक्षा त्यांचा हात चांगला होता," काका म्हणाले. "फक्त त्यांना ते तीन महिने मिळाले नाहीत."

मी ते वाक्य तिथंच वहीत लिहून घेतलं. या सहलीत पुढं जे बघितलं ते सगळं मी या वाक्यावरच तोलून पाहिलं.

गुरुवार

पुण्यातल्या औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. विजेचा भार विभागायला पाळली जाणारी ही जुनी सोय. गुरुवारी भोसरी बंद असते, म्हणून मुलांना भेटायला हाच दिवस धरला होता.

कसबा पेठ स्टेशनवरून मेट्रो पकडली. पेठांखालून जाणारा हा मार्ग २०२४ मध्ये सुरू झाला. सिव्हिल कोर्टचं स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. वाड्यांच्या आणि जुन्या इमारतींच्या पायांना धक्का न लावता खालून भोक पाडत जाणं म्हणजे काय, हे बोरिंग करणाऱ्या माणसाला विचारा. शिवाजीनगरच्या पुढं गाडी वर येते, मग खडकी, दापोडी, कासारवाडी. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून. भोसरीला जायचं तर नाशिक फाट्याला उतरायचं. पुढं रिक्षा.

एका खोलीत आमची माजी पोरं जमली होती. वेगवेगळ्या वर्षांची. चहा, वडापाव, गावाकडच्या चौकश्या. मग मी विचारलं की सुट्टीच्या दिवशी सगळे इतक्या सकाळी आवरून कसे बसलाय? तर म्हणाले, "सर, अकराला क्लास आहे."

मी त्यांच्याबरोबर क्लासला गेलो. एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर संगणक, भिंतीवर फानुक आणि सीमेन्सच्या कंट्रोल पॅनेलचे मोठे छापील फोटो. तिथं सीएनसीचं, म्हणजे संगणकाच्या हुकमानं चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅमिंग आणि कॅम, म्हणजे ते प्रोग्रॅम तयार करणारं सॉफ्टवेअर, शिकवतात. सगळे विद्यार्थी कामावरचे, सगळ्यांची फी स्वतःच्या पगारातून.

ज्यांना कारखान्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सीएनसी मशीनवर काम करणाऱ्यांच्या साधारण तीन पायऱ्या असतात. ऑपरेटर कच्चा नग चढवतो, दार लावतो, हिरवं बटण दाबतो, झालेला नग काढतो, गेजनं तपासतो. सेटर टूल बसवतो, झिरो घेतो म्हणजे मोजणी कुठून सुरू करायची ते मशीनला दाखवतो, पहिला नग पास करून देतो. प्रोग्रॅमर ड्रॉइंग बघून मशीननं कसं चालायचं ते लिहितो. पगारात तिघांमध्ये मोठी तफावत. जुन्या लेथवर या तिन्ही गोष्टी एकाच टर्नरच्या डोक्यात आणि हातात असायच्या. मशीननं काम सोपं केलं असं आपण म्हणतो, पण तिघांपैकी एकाचंच फार सोपं झालं, आणि जो त्या सोप्या जागी बसला तो तिथंच अडकला. कारण नग चढवून आणि उतरवून कुणी सेटर होत नाही. त्याला सेटिंग करायला मिळालं पाहिजे, दोनचार इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाला बसणारे कापणारे तुकडे, फोडायला मिळाले पाहिजेत. उत्पादनाच्या मशीनवर तेवढा वेळ कुणी देत नाही.

आमचा एक मुलगा, हुशार, वर्गात आटे सगळ्यात स्वच्छ काढणारा. तीन वर्षं झाली, बटण दाबतोय. क्लासमध्ये तो पहिल्या बाकावर होता आणि जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचना, असे लिहीत होता की शिकवणाऱ्यानं त्यालाच फळ्यावर बोलावलं. आठवड्यातली एकच सुट्टी, ती अशी जाते. गावी आईला फोन करायचा राहतो, असं तो मला जिना उतरताना म्हणाला.

परतताना मुलांनी आकुर्डीवरून नेलं. पिंपरी-चिंचवडची एमआयडीसी १९६२ ची आणि बजाजचा आकुर्डीचा कारखाना त्याच दशकातला. आमच्या गल्लीत चेतक येणार म्हणून नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, ते मला चांगलं आठवतं. १९७२ मध्ये आलेली चेतक पुढं मागे पडली, मोटारसायकलींनी तिची जागा घेतली, आकुर्डीतलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. मग २०२० मध्ये चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परत आलं आणि २०२२ मध्ये आकुर्डीतच तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. नाव तेच, जागा तीच. आत मात्र पिस्टन नाही, कार्ब्युरेटर नाही, हातानं बदलायचे गिअर नाहीत.

शुक्रवार

हा दिवस सगळ्यात मोठा गेला.

भोसरीतलं एक वर्कशॉप. मालक पन्नाशीचे, स्वतः आयटीआय झालेले, एका जुन्या लेथवर सुरुवात करून आज चार सीएनसी टर्निंग मशीन आणि दोन व्हीएमसी, म्हणजे सीएनसीवरची उभी मिलिंग मशीन. आमच्या शाळेतले नव्हेत, पण पहिल्या वाक्यापासून मला "सर" म्हणत होते. दुचाकी आणि तीनचाकीच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या मोठ्या सप्लायरांकडून त्यांना जॉबवर्क येतं. दारातच कूलंटचा आंबूस वास, बुऱ्याचे ड्रम आणि उजव्या हाताला तो पहिला जुना लेथ. अजून चालतो. जिग नीट करायला, एखादा पिन बनवायला लागतो.

एका मशीनवर ॲल्युमिनियमच्या हबचं बोअर, म्हणजे मधलं भोक, चाललं होतं. ४० मिलिमीटर, एच७. म्हणजे ४० पेक्षा कमी चालणार नाही आणि ४०.०२५ पेक्षा जास्त चालणार नाही. मुभा फक्त २५ मायक्रॉनची. ऑपरेटर आमचाच विद्यार्थी. त्यानं नग काढला, हवेनं स्वच्छ केला, पण लगेच मोजला नाही. बाजूला ठेवला, आधीचा उचलला आणि त्यात बोअर गेज घातला. मी विचारलं, असं का? म्हणाला, "गरम आहे सर. आत्ता मोजला तर मोठा दाखवील." गेजचा काटा ४०.००८ वर आला. त्यानं मागच्या काही नगांचे आकडे कागदावर लिहून ठेवले होते. आकडा हळूहळू खाली येत होता. इन्सर्ट झिजत होता, म्हणून भोक बारीक होत चाललं होतं. पॅनेलवर जाऊन त्यानं ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या जागेच्या दुरुस्तीत, पाच मायक्रॉन भरले आणि पुढचा नग चढवला.

एवढं करायला त्याला अर्धं मिनिट लागलं असेल. पण गरम धातू फुगतो, एका आकड्यावर विसंबायचं नाही, झीज एका दिशेनं जाते, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात होतं. हे मशीननं त्याला दिलेलं नाही. कानस मारून चौकोन काटकोनात आणताना, प्रत्येक घासणीनंतर मोजताना ते अंगात मुरलं. मुलं "सगळं मशीनच करतं" म्हणतात, कारण स्वतः जे करतात ते त्यांना आता काम वाटत नाही, इतकं ते सवयीचं झालंय. हे मी त्याला तिथंच सांगितलं. तो नुसता हसला आणि दार लावून बटण दाबलं.

शेजारच्या नव्या मशीनच्या आत प्रोब आहे. ते स्वतःच नग मोजतं आणि स्वतःच ऑफसेट घेतं. भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या मशीनची स्थिती दिसते, हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. तोच पडदा मालकांच्या मोबाइलवर. रात्री घरी बसून कुठलं मशीन किती वेळ थांबलं ते त्यांना कळतं. प्रोब असलेल्या मशीनवर ऑपरेटरची ती अर्ध्या मिनिटाची हुशारी लागत नाही, मग तोच माणूस दोन मशीन सांभाळतो. काही कारखान्यांत नग चढवायलाही रोबोट आलाय. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये छिद्रं पाडलेल्या फितीवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. तिथपासून आजपर्यंत मशीननं आधी हाताची हालचाल घेतली, आता मोजणं घेतलं. दुरुस्तीचा निर्णयही हळूहळू घेतंय.

दुपारी केबिनमध्ये डबा खाताना मी मालकांना विचारलं, "पोरांना सेटिंग का शिकवत नाही? गुरुवारी पदरचे पैसे घालून शिकतायत ती."

त्यांनी टाळाटाळ केली नाही. "शिकवलं होतं सर. दोघांना शिकवलं. वर्षाच्या आत दोघंही चाकणला गेले, दोन पैसे जास्त मिळाले म्हणून. मी तर त्यांना तेवढा पगार देऊ शकत नाही. मला रेट ठरवून देणारा वेगळाच असतो. म्हणजे माझ्या खर्चानं शिकले आणि फायदा मोठ्या कंपनीला." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि मलाही कोण शिकवतंय?"

त्यांच्या कामाचा मोठा भाग इंजिनाचा आहे. व्हॉल्व्ह गाइड, क्लचचे भाग, गिअरचे ब्लँक. विजेच्या गाडीत यातलं बरंचसं लागत नाही. लागतं ते मोटरचं शाफ्ट, ॲल्युमिनियमची हाउसिंग, तांब्याचे बसबार. पोलादावर आयुष्य गेलेल्या वर्कशॉपला ॲल्युमिनियम सोपं वाटतं, पण तसं नाही. ते टूलच्या धारेला चिकटतं, त्याला वेगळ्या धारेचे, पॉलिश केलेले इन्सर्ट लागतात, वेग वेगळा लागतो, आणि पाण्यानं थंड होणारी हाउसिंग असेल तर गळती तपासायची वेगळी सोय लागते. ॲल्युमिनियमचा हा हब त्यांनी पहिल्यांदा घेतला तेव्हा बराच माल रद्द झाला. तो तोटा त्यांनी एकट्यानं सोसला. रेट ठरवणाऱ्यानं त्यातला रुपयाही उचलला नाही.

मंगळवारपासून मी जो खर्च शोधत होतो, तो इथं टेबलावर होता. मोठी कंपनी नवं तंत्र आणते आणि भाव खाली मागते. सप्लायर तो ताण वर्कशॉपवर ढकलतो. वर्कशॉप तो ऑपरेटरवर ढकलतं. ऑपरेटरच्या खाली कुणी नाही, म्हणून तो आपली गुरुवारची सुट्टी देतो. यात मालक वाईट आहे असं मला मुळीच वाटलं नाही. पण ज्याच्या कमाईत सगळ्यात कमी वाढ होणार, त्यानंच शिकण्याचा सगळ्यात मोठा वाटा उचलावा, हे न्यायाचं नाही, आणि ते मी त्यांना स्पष्ट म्हणालो. छापखान्यातल्या काकांची आणि त्यांच्या तीन महिन्यांची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. डबा बंद केला आणि म्हणाले, "चला, व्हीएमसी दाखवतो."

संध्याकाळी निघताना मात्र गेटपर्यंत आले. म्हणाले, "सगळ्यांना नाही जमणार. एकाला, शिफ्टमध्येच, रोज दोन तास सेटरबरोबर उभं करू शकतो. तुम्ही तुमच्याकडून शिकाऊ उमेदवार देताना माझ्याकडं चांगली पोरं पाठवा. आणि ती निदान दोन वर्षं थांबतील एवढं बघा." शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. तो असूनही त्या मुलांना नुसतं नग चढवायला उभं केल्याचं माझ्या कानावर अनेकदा आलंय. म्हणून हे मला मोलाचं वाटलं.

शनिवार

वाकडला भाचीकडं. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, शनिवारी सुट्टी. इन्फोसिस १९८१ मध्ये सात जणांनी पुण्यातच सुरू केली होती आणि दोन वर्षांनी बंगळूरला नेली, हे मी तिला सांगायला गेलो तर तिला ते माहीत होतं. माझ्याकडं नवं ते एवढंच होतं.

तिच्या कामात एआय शिरलंय. पूर्वी एखादी नवी सोय आली की ती कुठं कुठं मोडू शकते याची यादी ती बसून करायची, आता ती यादी एआय काही सेकंदांत देतं. तिचं काम ती वाचून खरीखोटी ठरवणं. "मामा, यादी लांबलचक येते आणि अगदी आत्मविश्वासानं लिहिलेली असते. त्यात एखादी गोष्ट अशी असते जी आमच्या सिस्टिममध्ये नाहीच. ते ओळखायला सिस्टिम माहीत पाहिजे. मला माहीत आहे कारण पहिली चार वर्षं मी ती यादी हातानं केली. आता जे नवीन लागतील ते कशावर शिकणार?"

भोसरीतल्या पोरांचा प्रश्नही नेमका हाच. खालची पायरी मशीननं घेतली, तर वरच्या पायरीवर चढायचं कुठून?

मला वाटलं होतं, इथं तरी शिकण्याचे तास कंपनी देत असेल. देते. कंपनीचं स्वतःचं पोर्टल आहे, वर्षाला अमुक तास पूर्ण करायची अट आहे. पण प्रोजेक्टच्या तारखा तशाच राहतात, म्हणून व्हिडिओ बाजूला चालू ठेवून काम करतात आणि खरं शिकणं रात्री, मुलगी झोपल्यावर. फी भरावी लागत नाही, एवढाच फरक. जावई मधेच म्हणाले की निदान यांच्याकडं पर्याय आहेत, दुसरी नोकरी मिळते. भाची म्हणाली, "मिळायची." मग विषय बदलला आणि आम्ही जेवायला बसलो.

रविवार

परतीच्या गाडीत प्राचार्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा लिहून काढला.

कानस, हातानं मोजणं आणि हाताच्या लेथवरचे आटे कमी करायचे नाहीत, उलट पहिल्या सहामाहीत वाढवायचे. नग गार होऊ देऊन मोजायचा आणि प्रत्येक आकडा कागदावर लिहायचा, हे पहिल्या आठवड्यापासून. जॉबसाठी पोलादाबरोबर ॲल्युमिनियमही द्यायचं, थोडा माल वाया गेला तरी हरकत नाही, कारण तो इथं वाया जाणं भोसरीत वाया जाण्यापेक्षा स्वस्त आहे. तांबट आळीतून एक मठारलेलं आणि एक न मठारलेलं भांडं वर्कशॉपसाठी विकत आणायचं. माजी विद्यार्थ्यांपैकी जे सेटर झालेत त्यांना दर सहामाहीला एका दिवसासाठी मानधन देऊन बोलवायचं, जाण्यायेण्याच्या भाड्यासकट.

शेवटचा मुद्दा शिकाऊ उमेदवारीचा. आमची मुलं घेणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपकडून लेखी घ्यायचं की रोजच्या शिफ्टमधले दोन तास मुलगा सेटरच्या हाताखाली राहील, आणि ते तास पगारी असतील. त्या मालकांना मी कराडच्या आसपास फोन करून हे वाचून दाखवलं. लेखी द्यायला ते तयार झाले. ज्या मुलापासून सुरुवात करायची तो तीन वर्षं बटण दाबणारा आमचा विद्यार्थीच हवा, असं मी सुचवलं. तो दुसऱ्या कारखान्यात आहे, सोडून येईल का, असं त्यांनी विचारलं. मी त्याला लगेच फोन लावला. तो मशीनवर होता, उचलला नाही. संध्याकाळी त्याचाच आला. येतो म्हणाला, फक्त नोटीसचा महिना द्या.